आंघोळ दादाच घालेल

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या गोष्टीची माफी मी मागणार नाही.

२०१६च्या थंडीत लकव्याने तुझी उजवी बाजू गेली. दादा वापीच्या कारखान्यातली नोकरी सोडून डहाणूला आला. मी विरारहून आले, नवऱ्याला 'महिनाभरात परत येते' असं सांगून. शाळा सुटल्यापासून आम्ही भावंडं पहिल्यांदाच एका घरात राहत होतो. कामं दोन होती. एक तुला उठवणं, धुणं, भरवणं. दुसरं तुझे सुके बोंबील घेऊन उधवा-तलासरीच्या आठवडी बाजारात बसणं, कारण तुझी जागा दोन आठवडे रिकामी दिसली की तिथे दुसरी कुणी पाटी टेकवणार. पाटी मी घेतली.

पहिल्या सकाळी दादा पाणी तापवून आत येतो आणि तू डाव्या हाताने लुगडं छातीशी घट्ट धरतेस. जीभ जड झालेली, तरी शब्द कळतात. "तू बाहेर जा. पोरीला पाठव." मी दारात उभी, तलासरीची बस गाठायची घाई.

"आंघोळ दादाच घालेल," मी म्हणते.

"आईचं अंग पोराच्या हाती देतेस, लाज नाय वाटत?"

"नाय," म्हटलं आणि निघाले.

रविवारी मामा आला. ओट्यावर बसल्या बसल्याच सुरू झाला, "घरात मुलगी असून मुलगा आईला धुतो. लोक काय बोलतात, ठाऊक आहे?"

"मग उद्यापासून तुम्ही या, मामा. बादली भरून ठेवते."

मामा चहा न घेता उठला.

दादा तुझ्या अंगावर जुनं लुगडं पांघरायचा, स्वतःचं तोंड भिंतीकडे करून वरून पाणी ओतायचा आणि कुठल्या होडीला कोणती मासळी लागली ते सांगत राहायचा. कित्येक दिवस तू डोळे मिटूनच घ्यायचीस. मग एका सकाळी मी पाटी बांधत असताना आतून तुझा आवाज आला, "मेल्या, पाणी किती गार! आणि त्या होडीला पापलेट कुठलं लागतंय, खोटं बोलतोस." मी जिंकल्यासारखी हसले.

माझ्या महिनाभराची दोन वर्षं झाली; दोन्ही वर्षं त्याने तुझं सगळं केलं. तुझ्या पाठीवर एक जखम होऊ दिली नाही. तुझ्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही. माझ्याशी मात्र तू त्या सकाळबद्दल शेवटपर्यंत बोलली नाहीस. नाही बोललीस तर नाही. आज पुन्हा तीच वेळ आली, तर मी पुन्हा तेच करीन.

तुला वाचता येत नव्हतं. हे कुणी तुला वाचून दाखवायचं म्हटलं असतं, तर दादाच लागला असता, आणि त्याच्या तोंडून हे मला ऐकवलं नसतं, म्हणून हा कागद माझ्याचजवळ राहू दे. बाजार मला जमतो म्हणून मी पाटी घेतली, असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खरं नाही. दवाखान्यात पहिल्या दिवशी नर्सने तुझे कपडे मला बदलायला सांगितले होते. तुझा लोंबता हात मी उचलला, तसाच खाली ठेवला आणि जिन्यात जाऊन बसले. मी घाबरले होते, आये. दादाने बाह्या वर सारून तुझे कपडे बदलले, आणि मी पळाले हे आजवर कुणाला सांगितलं नाही.