डीकन टारबॉक्सचा थेट वंशज

२ मार्च, शनिवार
समितीचं पत्रक आलं. गावाला सव्वातीनशे वर्षं होतायत. चार जुलैच्या मिरवणुकीत पहिल्या घोडागाडीत संस्थापक, चर्चचे डीकन म्हणजे कारभारी ओबाडाया टारबॉक्स यांच्या थेट वंशजाला बसवणार. चर्चची घंटाही त्यानंच वाजवायची. खाली बारीक अक्षरात : कागदोपत्री पुरावा ३१ मेपर्यंत द्यावा.

पुरावा! ईस्ट हॅडलोमध्ये टारबॉक्सकडे पुरावा मागतात! ज्युडिथ किंबॉल समितीची अध्यक्ष झाल्यापासून हे असंच चालतं. तिला फोन करून म्हटलं, बाई, माझं आडनाव हाच पुरावा. ती म्हणाली, आडनावं मीही तीन लावून बघितली वेंडेल, एकानंही काही सिद्ध झालं नाही.

काम पंधरा दिवसांचं आहे. कॉफी प्यायला गेलो तेव्हा तिथे सगळ्यांना सांगूनही टाकलं. पोशाख मागवला : गुडघ्यापर्यंतची तुमान, बकलचे बूट, तिकोनी टोपी. लोइस म्हणाली, आधी पुरावा आणि मग तुमान, असं नाही का करता येणार? चाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला एकदा उत्तेजन दिलेलं नाही. पण तिला तरी काय बोलणार? ती नदीपलीकडच्या पीजांची मुलगी. गाईगुरांत वाढलेली माणसं. घराणं म्हणजे काय, हे त्यांना कळायचं कसं?

७ मार्च, गुरुवार
हार्टफर्डला राज्य ग्रंथालयात. दिवसभर मायक्रोफिल्म. यंत्राची मूठ उलटी फिरवत होतो, हे दुपारी कळलं. त्यामुळे सगळं शतक मागे मागे जात होतं.

मान धरली. टारबॉक्स एकही नाही. गाडीला दंडाची पावती.

२१ मार्च, गुरुवार
सापडलं! डीकनसाहेबांचं मृत्युपत्र, १७३१! डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईनं रुमाल दिला, आणि जरा हळू, असंही म्हणाली.

मुलगे तीन. नॅथॅनिएलला गिरणीजवळची जमीन, 'समुद्रावरून परत आल्यास'. एलिफलेटला घर. धाकट्या जोशुआला कुरण. विधवेला पश्चिमेची खोली, विहिरीचं पाणी काढायचा हक्क आणि स्वयंपाकघरातून जायची-यायची वाट. म्हणजे हयातभर त्या घरात राबलेल्या बाईला नवरा लिहून देतो की तुला स्वयंपाकघरातून जाता येईल! काय शिस्त होती माणसांची! मुलगी एकच, माइंडवेल. तिला पिसांची गादी, लोखंडी भांडं आणि पट्ट्यापट्ट्यांची गाय.

माइंडवेल! 'नीट ध्यानात ठेव' असं पोरीचं नाव ठेवायचं म्हणजे कमाल आहे. लोइसचं मधलं नावही हेच आहे. लग्नाच्या वेळी ते पाहून मी इतका हसलो होतो की तिनं ते नंतर कुठे लिहिलंच नाही. तेव्हा असल्या नावांचा सुळसुळाट असणार.

जेवताना लोइसनं विचारलं, मुलीचं पुढे काय झालं? मी शांतपणे समजावलं, की मुली गाय घेऊन जातात. लग्न झालं, नाव बदललं, विषय संपला. वंश मुलग्यांचा. तिनं ताटं उचलली. पटलं असावं.

५ एप्रिल, शुक्रवार
नॅथॅनिएल समुद्रावरून परत आला नाही. मूर्ख माणूस.

१२ एप्रिल, शुक्रवार
एलिफलेटनं दोन लग्नं केली. मूल नाही. घरदार सगळं चर्चला. असल्या धर्मशील माणसांमुळेच घराणी बुडतात.

उरला जोशुआ. तोच माझा. पहिल्यापासून मला तो आवडतच होता.

१६ एप्रिल, मंगळवार
ज्युडिथचा फोन. जोशुआ एकोणिसाव्या वर्षी गोवरानं गेला म्हणे. लग्न झालेलं नव्हतं.

मी म्हटलं, गुपचूप केलं असेल. ती म्हणाली, वेंडेल, त्या काळी या गावात कोंबडीसुद्धा गुपचूप अंडं घालत नव्हती. काय ही भाषा! समितीच्या अध्यक्षबाईंना शोभते का?

गुप्त विवाहाची नोंद नाही. पण गुप्त विवाहाची नोंद असते कुठे? म्हणजे नोंद नसणं हाच पुरावा. हे तिला लिहून पाठवलं. उत्तर नाही. निरुत्तर झाली.

२८ एप्रिल, रविवार
पोशाख घालून अंगणात चालण्याचा सराव केला. वाकल्यावर तुमान मागे उसवली. शेजारचा गॅरी कुंपणावरून म्हणाला, डीकनसाहेब, मागची बाजू स्वतंत्र झाली! हा न्यू जर्सीहून इथे येऊन पुरती बारा वर्षं झाली नाहीत. असल्या उपऱ्यांना गावात घेतंच कोण? पूर्वी काहीतरी नियम असणार. शोधलं पाहिजे.

लोइसनं तुमान शिवून दिली. शिवताना पुन्हा विचारलं, त्या मुलीचं काही बघितलंस का? काय हट्टी बाई आहे! पालथ्या घड्यावर पाणी.

१९ मे, रविवार
बारा दिवस राहिले. जोशुआच्या बायकोचा पत्ता नाही. झोप नाही, भूक नाही. (रात्री पाय संपवला. सफरचंदाचा होता.) कॉफीच्या ठिकाणी सगळे विचारतात, गाडीत बसायचं नक्की ना? नक्की म्हणतो, आणि कॉफी अर्धी टाकून निघतो. शाळेत शिकवत होतो तेव्हा निदान पोरं घाबरायची. निवृत्त झाल्यावर माणूस कोण असतो? खिडकीत बसलेला म्हातारा. त्या गाडीत मला बसायचंच आहे.

२७ मे, सोमवार
मेमोरियल डे. आज एक मिनिट वाया घालवणं परवडणारं नव्हतं, तरी लोइसनं नदीपलीकडच्या दफनभूमीत नेलंच. दरवर्षीसारखी तिच्या माणसांच्या थडग्यांवर जिरेनियमची रोपं लावायची. कुंड्या उचलणार कोण? मी.

एका ओळीत सगळ्या पीजांच्या माइंडवेल. आत्या, आत्याची आत्या, तिची आत्या... कंबर मोडली. टोकाचा दगड सगळ्यात जुना, शेवाळलेला. त्यावर थर्मास ठेवला आणि पायथ्याशी मोठी कुंडी ठेवून जरा टेकलो.

तिथेही ज्युडिथ! मला उठवलं, कुंडी सरकवली आणि गुडघे टेकून दगडाची खालची ओळ वहीत उतरवत बसली. मग दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. मी म्हटलं, ज्युडिथ, पुराव्याची मुदत तोंडावर आली आणि तू पीजांचे दगड वाचत बसलीस? ती माझ्याकडे बघून हसली. पहिल्यांदाच. धसका घेतला असावा माझा.

३० मे, गुरुवार
जिंकलो! जिंकलो!

गावच्या जुन्या दप्तरात जोनस टारबॉक्स, १७६४! माझे आजोबा, त्यांचे आजोबा, असं करत जोनसपर्यंत माझी साखळी पक्की आहे. आणि दप्तरात काय लिहिलंय? 'पंचांच्या हुकमावरून कॉन्स्टेबल स्वतः जोनस टारबॉक्स, त्याची बायको आणि चार मुलं यांच्या दारी गेला.' स्वतः! दारी! पंचांच्या हुकमावरून! पुढचं अक्षर किरटं, शाई पसरलेली, पण मानाचं काहीतरी आमंत्रण असणार हे उघड आहे. जोशुआचाच मुलगा हा. दुसरा कोणाचा असणार?

पानाची प्रत काढली आणि ज्युडिथच्या हातात नेऊन दिली. म्हटलं, सभेत मोठ्यानं वाच. तिनं विचारलं, तू सगळं वाचलंस का? म्हटलं, बाई, भावार्थ कळला. ती म्हणाली, बघ हं, पुन्हा विचार कर. जळते मेली.

३ जून, सोमवार
सभा. सगळं गाव हजर. मी तिकोनी टोपी घालून पहिल्या रांगेत.

ज्युडिथनं वाचलं. मोठ्यानं. किरट्या अक्षरातलंही. जोनस टारबॉक्स हा ऱ्होड आयलंडहून आलेला, निर्धन, कोणाचा कोण माहीत नाही. त्याचा भार गावावर पडू नये म्हणून त्याला आणि त्याच्या कुटुंबाला चौदा दिवसांत गाव सोडण्याची ताकीद देण्यात येत आहे. खाली पंचांच्या सह्या. पहिली सही, एझ्रा पीज.

एझ्रा पीज कोण? तर माइंडवेलचा मुलगा. माइंडवेल कोण? तर सॅम्युएल पीजची बायको आणि डीकन ओबाडाया टारबॉक्सची एकुलती एक मुलगी. दगडावरच कोरलंय, सगळ्यात खालच्या ओळीत. जिथे मी कुंडी ठेवली होती.

थेट वंशज : लोइस माइंडवेल पीज टारबॉक्स.

टाळ्या. गॅरी तर उभा राहिला. मग माझ्याकडे वाकून म्हणाला, काय हो, मला बारा वर्षांत अजून ताकीद आली नाही, म्हणजे मीच बरा की!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टोपी मांडीवर घेऊन बसलो.

४ जून, मंगळवार
लोइसला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, लहानपणापासून. मग बोलली का नाहीस? म्हणाली, दोनदा विचारलं की मुलीचं काय झालं. तू म्हणालास, गाय घेऊन गेली.

मग म्हणाली, मला कुठे बसायचं होतं रे त्या गाडीत? तुला हवं होतं. तुझा जोशुआ सापडला असता तर मी गप्पच राहिले असते. तूच कागद नेऊन दिलास.

तिचं नाव पाहून मी हसलो होतो, तेच सारखं आठवतंय. आता फार लाज वाटते.

४ जुलै, गुरुवार
लोइस पहिल्या गाडीत. निळा झगा, डोक्यावर पांढरी टोपी. वाईट वाटतं लिहायला, पण राणीसारखी दिसत होती. वाईट वाटत नाही. दिसत होती.

घोड्यांच्या मागून फावडं आणि बादली घेऊन चालायला समितीला माणूस हवा होता. पोशाख कोणाकडे तयार आहे, असं ज्युडिथनं विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घोडे भरपूर खाऊन आले होते. मुख्य रस्त्यावर वाकलो आणि तुमान पुन्हा तिथेच उसवली. लोइस गाडीतून मागे वळून ओरडली, काय हो टारबॉक्स, चौदा दिवस झाले की! अजून गेला नाहीत? अख्खा रस्ता हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

घंटा तिनं वाजवली. फार छान वाजली.

रात्री तिला म्हटलं, तुझ्या एझ्रानं काढलेली ताकीद आता मागे घे, बाई. ती म्हणाली, विचार करते. निर्णय होईपर्यंत मला पश्चिमेची खोली, पाणी आणि स्वयंपाकघरातून जायची-यायची वाट.

आमच्या पश्चिमेच्या खोलीत कपड्यांचं मशीन आहे.