भुरीला बांधलं आहे

नाना, भुरीला, माझ्या कुत्रीला, मी बांधलं आहे. तुम्ही असता तर आधी तिला सोडलं असतं आणि मग विचारलं असतं, कोणी बांधलं म्हणून.

मळ्यातला तो दिवस आठवतो. झेंडू न्यायला टेम्पो आला होता आणि आपला तांबडा कुत्रा ड्रायव्हरच्या अंगावर जात होता, म्हणून मी त्याला विहिरीच्या दोराने जांभळीला बांधलं. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. सगळं मलाच कळत होतं. तुम्ही बाजारातून आलात, डोक्यावरची पाटीही न उतरवता गाठ सोडलीत. "कॉलेजात जाऊन हेच शिकली का? बांधेल कुत्रं राखण करत नाय, निस्तं भुकतं." तांबडा सुटताच ड्रायव्हर टेम्पोच्या टपावर चढून बसला. "नाना, राखण लय झाली, आता मला उतरू द्या," म्हणाला. तुम्ही हसलात, मी नाही. पण त्यानंतर मी कुत्रं कधी बांधलं नाही.

तांबडा शेवटी खोकायचा. तेव्हा कुत्र्याचं रक्त कोण तपासणार? तुमच्यामागे मळाभर फिरला, बांधावर बसला तो उठलाच नाही. त्याला काय झालं होतं, कळायला मार्ग नाही, आणि मी तुम्हाला दोष देत नाही. पण भुरी तशीच खोकू लागली तेव्हा मी थांबले नाही, दवाखाना गाठला. तिच्या हृदयात किडे निघाले, दोऱ्यासारखे लांब. डास चावल्याने होतात. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. "काकू, उपाय दोन. पाठीच्या स्नायूत खोल इंजेक्शनं. ती मागवावी लागतील, पण मोठे किडे मारतात. नाहीतर दर महिन्याचं औषध; त्याने किडे मरायला वर्ष-दीड वर्षही लागतं, तोवर फुप्फुसांची झीज चालूच. दोन्हींत आधी महिनाभर अँटिबायोटिक." मी इंजेक्शनं म्हटलं. रेंगाळणं मला जमत नाही. "मग ऐका. मेलेले किडे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यात ती पळाली तर जीव जाईल. शेवटच्या इंजेक्शननंतरही काही आठवडे बांधूनच ठेवायचं."

"आमच्याकडे कुत्रं बांधत नाहीत."

"मग इंजेक्शनंही नकोत," ती शांतपणे म्हणाली. माझ्याशी असं बोलणारी माणसं आता फारशी उरली नाहीत. मला ती आवडली.

शेवटचं इंजेक्शन परवा झालं. आता हेच दिवस धोक्याचे. भुरी साखळीला आहे, श्वास बरा आहे, रात्रीची भाकरी संपवली. आणि नाना, ती भुंकत नाही. तेवढं तुमचं चुकलं. सकाळ झाली की ती फक्त दाराशी काढलेल्या माझ्या चपलांकडे बघत बसते.

म्हणून मीही सकाळचं नदीवर चालायला जाणं बंद केलं आहे. शेजारणीने विचारलं तेव्हा गुडघा धरलाय म्हणून सांगितलं. तिने लगेच तेल आणून दिलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. गुडघा ठणठणीत आहे.