दुप्पट, दुप्पट आणि एक कमी

शिनपू,
नवव्या चांद्रमासाची अकरावी

लाडक्या आ-युआन,

आजीचे आशीर्वाद. इकडे वारा सुटलाय. पर्सिमॉनची फळं सोलून, बांबूच्या ताटांत मांडून अंगणात वाळत घातलेत. गुडघे म्हणायला माझे, पण ऐकतात वाऱ्याचं. रोज वाटतं, आता पुरे. रोज पुन्हा उठते. तू जेवतोस ना? की ताइपेत आकडेच खातोस?

अक्षर ओळखलं असशील. पत्र लिहून देणारा शेजारी लेकीकडे गेलाय, म्हणून तुझ्या आईला, सूछिनला बसवलंय. तोंड फुगलेलं आहे, पण अक्षर गोल काढते.

मागच्या खोलीतल्या तुझ्या आकडेमोडीच्या यंत्राच्या उबेला मांजरीनं यंदाही पिल्लं घातली.

तुझा तो आकडा मी विसरले नाही. एक फळ घ्यायचं, दुप्पट करायचं, पुन्हा दुप्पट, जगातली ताटं संपली तरी थांबायचं नाही. आणि शेवटी एक फळ उचलून घ्यायचं. तू म्हणालास, "आजी, उरलेली फळं सारख्या रांगांत लागतात की नाही, एवढंच मला शोधायचंय." मी म्हटलं, "ते एक कुणी खाल्लं ते आधी शोध." तू हसलास, तुझा बापही हसला.

पुढच्याच हंगामात तो गेला. तू पोचलास तेव्हा माती देऊन झाली होती. सूछिन सगळ्यांसमोर तुला म्हणाली, "जा, त्या आकड्यालाच आई म्हण." तू यंत्र चालू ठेवून निघालास. "उत्तर आलं की येईन," म्हणालास. तेव्हापासून या घरात काहीच सारखं वाटलं जात नाही. बायका दोन, मासा एक. डोकं ती मला वाढते, मी तिला. शेवटी मांजर खाते.

आता ऐक. वादळात वीज गेली, तेव्हा फळं वाळवायच्या भट्टीच्या जनरेटरची तार ओढत मागच्या खोलीत कुणी नेली? फळांना बुरशी आली, यंत्र चालूच राहिलं. सूछिन म्हणते, "आई, हे मी लिहिणार नाही." मी म्हटलं, "तू फक्त लिही, सांगतेय मी." लिहिलंय का, कोण जाणे. मला कुठे वाचता येतं!

फार आडवळणं घेतली. परवा यंत्राची आकडेमोड थांबली. पडद्यावरचं सूछिननंच वाचलं. तुला हवा होता तसला, रांगांत न लागणारा, नाही रे तुझा आकडा. तो सारख्या रांगांत लागतो. किती रांगांत, ते मात्र यंत्र सांगत नाही म्हणे. लागतो हे नक्की, कसा ते ठाऊक नाही. इतकी वीज खाऊन एवढंच!

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मनात आलं, एक उचलून नेल्यावरही उरलेल्यांच्या रांगा लागतात तर. दमले रे बाबा. उत्तरासाठी थांबला होतास ना? आलं ते. आणि ताइपे काही चंद्रावर नाही.

खाली चार बोटं जागा ठेवायला सांगितली आहे. मी फळं उलटायला अंगणात चालले. सूछिन तिथे काय लिहील ते मला कळायचं नाही, मी विचारणारही नाही.

ताटं उचलून थकलेली,
तुझी आजी

यंत्र बंद कसं करायचं ते मला माहीत आहे. केलेलं नाही. तू येऊन कर.
— आई