थॉर्नवेलचं वळण

मिसिसागा, कॅनडा
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय आग्नेसबाय,

जय ख्रिस्त. दोन तारखेला तान्याच्या कबरीवर फुलं ठेवून तू फोटो पाठवलास, तो पोचला. तुझे गुडघे कसे आहेत? इथे थंडी सुरू झाली, गाडीला विंटर टायर लावायचे अजून राहिलेत.

इंग्लंडची ट्रिप कशी झाली, असं तू फोनवर विचारलंस आणि मी 'छान' म्हणून विषय बदलला. आता लिहिते.

थॉर्नवेल ओळखूच आलं नाही. एकोणचाळीस वर्षांत गाव किती बदलावं! तान्याच्या शाळेचे चार फ्लॅट झालेत. पोस्टात केस कापायचं दुकान आहे. बेकरीत तर कुणीतरी राहतं. ज्या काचेमागे पाव मांडलेले असायचे, तिथे सोफा आणि टीव्ही. आमच्या भाड्याच्या घराचं मात्र नुसतं दार बदललंय.

आणि वळण नाही. बेकरीसमोर रस्ता वळायचा, तिथल्या दगडी कोठारामुळे येणारी गाडी दिसायची नाही. आता कोठार नाही, रस्ता सरळ आहे, कडेला विटांची नवी घरं. कॉस्मस बेकरीपासून पावलं मोजत निघाला, थांबला, परत मागे आला. "इथे की तिथे, लुर्डस?" लेक नेमकी कुठे गेली तेच त्याला सापडेना. शेवटी तो कुणाच्या तरी ड्राइव्हवेत उभा राहिला. आतून एक म्हातारी बाई आली. त्याने विचारल्यावर म्हणाली, "पाच वर्षांची मुलगी गाडीखाली गेली होती इथे. मग कौन्सिलनं कोठार पाडलं."

कॉस्मस तिथेच रडायला लागला. "बघ, मी म्हणत होतो ना? कोठारानंच मारलं तिला. तुझा काही दोष नव्हता."

बाय, मला ते सहन झालं नाही.

तिचा हात माझ्या हातातून निसटला, असं मी त्याला सांगितलं होतं. तुलाही. पण मी हात धरलेलाच नव्हता. मी रस्त्यावर नव्हतेच. रात्रपाळी करून आले होते, डोळे मिटत होते. तान्याला भूक लागली म्हणून तिला पैसे दिले आणि एकटीला पाव आणायला पाठवलं. ब्रेकचा आवाज ऐकून धावत गेले. कॉस्मस कामावरून येईपर्यंत माझी गोष्ट तयार होती.

हे सगळं मी त्याला त्या ड्राइव्हवेत सांगितलं. तो ओरडला नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे ती एकटी होती?"

परत आल्यावर तो किचनरला आमच्या रिचर्डच्या घरी राहायला गेला. पाच आठवडे झाले. मी फोन केला की मुलगाच उचलतो. "Dad's sleeping, Mom," म्हणतो.

माफ कर, असं मी लिहिणार नाही. तिला वसईला आणलं तेव्हा तू मला कुशीत घेऊन बसली होतीस. तेव्हापासून सगळ्यांनी माझं सांत्वनच केलं. तू माझ्यावर रागाव, बाय. खूप रागाव. पण उत्तर लिही.

तुझी, आजवर तुझ्याशी खोटं बोललेली,
लुर्डस