रत्नागिरीत माझं कोणी नाही

देरा, दुबई
मार्च १९६५

गनीभाई,
अस्सलामु अलैकुम.

आज दुपारी आफ्रिकेहून आलेल्या गलबतातून तुमचा शेजारी मुश्ताक बायकोमुलांना घेऊन उतरला. मी धक्क्यावर शेठचा माल उतरवून घेत होतो. आनंदाने त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "आम्हाला हाकललं, शौकत. नवा नेता पक्ष सुधारतोय. ज्याचं रक्त तिथल्या मातीचं, तोच पक्षात. बाकीच्यांनी देश सोडायचा."

"आणि गनीभाई?"

तो म्हणाला, तुम्ही भर सभेत उठून शपथेवर सांगितलंत, "मी हिंदी नाही. रत्नागिरीत माझं कोणी नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्हाला जिल्हा कमिटीवर घेतलं.

मी त्याला खोटारडा म्हणालो. सगळ्या हमालांसमोर त्याची कॉलर धरली. त्याने ती सोडवलीही नाही. म्हणाला, "मला गलबतापर्यंत पोचवायला गनीच आला होता. शौकतला सांग, म्हणाला, पत्र पाठवू नकोस. एक जरी सापडलं तरी माझ्या पोरींना कोणी सोडणार नाही."

पोरींसाठी केलंत, हे कळतं, भाई. तरी ते वाक्य कानातून जात नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. पण तुम्ही कमिटीवर गेलात, हे रत्नागिरीत आईला कुणीतरी आधीच कळवलंय. तिने मोहल्ल्यात साखर वाटली. आणि मला पत्र लिहवून विचारलंय, "गनी सभेत काय बोलला, ते सगळं कळव."

तुमचा भाऊ,
शौकत