भिंतीवरची रेघ

बुधवार, दिवेलागणीची वेळ

दिवाळीत सारं घर चुन्यानं पोतलं, पण भिंतीवरची मातकट रेघ मी तशीच राहू देली. मागच्या साली पुराचं पाणी घरात तिथवर चढलं होतं. हळदीचं बेणं सडलं, रेशनकार्डाचा लगदा झाला. शेजारच्या सुधाकरनं ट्रॅक्टरच्या वाटेसाठी नाल्यात मुरूम टाकला, म्हणून पाणी आमच्याकडे वळलं. भांडाले गेली तर म्हणे, "वहिनी, पाणी काय मी बलावलं काय?" ते शब्द वर्षभर दाताखाली धरले मी.

यंदा तयारी केली. खताच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून आमच्या बाजूनं बांध घातला. आता पूर आला तर पाणी त्याच्या घरात जाईल. आज तो धावत आला. "वहिनी, हे काहून लावून राह्यल्या?"

म्हटलं, "पाणी काय मी बलावलं काय?"

त्याचं तोंड पाहून जीव थंड झाला. खोटं कायले लिहू?

पण मंग त्याची आई आठवली. बुढी अंथरुणाले खिळलेली, खोली उताराकडची. भिंतीवरची रेघ माझ्या गुडघ्याच्या वर येते, अन् तिची बाज गुडघ्याच्याही खाली. हे मले आधी काहून नाही सुचलं?

पोतं एकही हलवलं नाही. कायले हलवू? सरळ त्याच्या घरात शिरली अन् म्हटलं, "उचल बाज."

बुढी आता आमच्या घरात, बांधाच्या आत, चहा पिऊन राह्यली. बाहेर आभाळ भरून आलं आहे.

येऊ दे आता पाणी.