मोडक्या घड्याळावरची उंची

३ मार्च, मंगळवार
लेक नापास! विमानाच्या परीक्षेत! खरं विमान नव्हतं, जमिनीवर हलणारं खोटं. तरी नापास ती नापासच. सहवैमानिकाची खुर्ची २० तारखेपर्यंत अधांतरी. तेव्हा पुन्हा परीक्षा, चुकली तर खुर्ची सुटलीच.

जेवताना एकेक शब्द ओढून काढला. खाली बुरूजवाल्यांनी — विमानतळावरून सूचना देतात ते — चार हजार फुटांवर थांबा म्हणून सांगितलं. परीक्षकच कप्तान होते. त्यांनी मुद्दाम तीन हजार लावले. हिने टोकायचं होतं. टोकलं नाही.

"कळलं नाही का तुला?"
"कळलं गं! पण ते केवढे मोठे, पांढरे केस..."

मोठ्यांपुढे तोंड उघडू नये — हे हिला कोणी शिकवलं? मीच. पाठीत धपाटे घालून शिकवलं!

४ मार्च
वन्संचा फोन. "तरी मी म्हणत होते, शिक्षिका करा." देवा, माझी जीभ आवर.

५ मार्च, गुरुवार
रात्रभर जप केला आणि पहाटे सुचलं! माळ्यावरचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ काढलं. (टाकून द्या म्हणत होते हे. मी काही टाकत नसते.) दहा, अकरा, बारावर कागद चिकटवले, बाराच्या जागी शून्य. मागून काटा मी फिरवायचा. विमानातलं उंचीचं घड्याळ असंच दिसतं म्हणे!

मी कप्तान. ह्यांची जुनी टोपी डोक्यावर, शेगडीजवळच्या स्टुलावर बसले. लेक शेजारी, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या घेऊन. चिठ्ठीवर बुरूजवाल्यांनी सांगितलेली उंची. मी मधूनच चुकीचा आकडा लावायचा, तिने ओरडायचं.

पहिल्यांदा म्हणते, "आई, जरा बघतेस का, मला वाटतं..."
"मला वाटतं काय? तोवर विमान डोंगरात! आकडा बोल!"
हे वर्तमानपत्राआडून, "कप्तान बाई, चहा मिळेल का?"
"उड्डाणात नाही!"

हसून हसून पोट दुखलं. वीस वर्षांत एवढी मजा आली नव्हती.

९ मार्च
आज मीच विद्यार्थिनी झाले. उतरायला सुरुवात कधी करायची? जितके हजार फूट खाली यायचं त्याची तिप्पट करायची, तितके मैल आधी. तीस हजार, तर नव्वद मैल. म्हणजे तीनाचा पाढा! मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते मी. लेकीच्या आधी उत्तर देते!!

उशीर झाला, विमान उंच राहिलं, वेग वाढला, तर ओढूनताणून उतरवायचं नाही. सरळ परत वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. म्हटलं, हे तर विणकामासारखं. वीण चुकली की उसवावी. पुढे रेटून स्वेटर होत नाही.

१३ मार्च
चिठ्ठीवर चार हजार होते, मी तीन लावले. लेक कडाडली, "चार हजार, आई! थांबव!" स्टुलावरून पडले असते!

"शाब्बास," म्हटलं, "मुद्दाम केलं होतं."

मुद्दाम कसलं. चष्मा देवापाशी राहिला होता. पण कप्तानाने कशाला सांगावं?

२० मार्च, शुक्रवार
पास!!! परीक्षकांना म्हणाली, "कप्तान, चार हजार!" त्यांनी हात वर करून हार मानली म्हणे. देवापुढे तुपाचा दिवा. एकाच्या जागी दोन वाती.

१९ एप्रिल, रविवार
आज लेकीच्या विमानात बसलो, मी आणि हे. घरच्यांचं सवलतीचं तिकीट.

खाली यायला लागलो. घरं दिसली, गाड्या दिसल्या, रस्त्यावरचा माणूससुद्धा! आणि एकदम गर्जना, नाक वर, पाठ खुर्चीला चिकटली. मागे कोणी किंचाळलं. ह्यांनी माझं मनगट धरलं, अजून वळ आहे. कप्तानांचा आवाज आला, "थोडे उंच राहिलो होतो, फेरी मारून पुन्हा येतो."

सगळे देवाचं नाव घेत होते आणि मी टाळ्या वाजवत होते! बोलली! माझी पोर बोलली! शेजारच्या बाईंना सांगितलं, "कप्तान चुकले, माझ्या मुलीने टोकलं." दुसऱ्या फेरीत विमान अलगद टेकलं.

बाहेर पडल्या पडल्या वन्संना फोन केला. "पांढऱ्या केसांच्या कप्तानाला गप्प केलं हो तुमच्या भाचीने!" काय सांगू तो आनंद!

२० एप्रिल, सोमवार
लेक घरी आली. माझं कौतुक मध्येच तोडलं.

"आई, काल विमान मी चालवत होते. उतरायला उशीर मीच केला."
"मग कप्तानांनी टोकलं तुला?"
"ते तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हटलं — माझं चुकलं, उंच आहे, वर जाते."

मी घड्याळाचा काटा फिरवून तीनावर आणला. मग सांगून टाकलं — त्या दिवशीचे तीन हजार मुद्दाम नव्हते, चष्मा नव्हता.

आता वन्संना फोन लावते, काल सांगितलेलं उसवायला.